दहावा फटका: चाबकाचे नियम आणि जिंकलेला घोडा बाद होणे

लगाम (धागाकर्ता)

ब्रिटनमधल्या सेझारविच शर्यतीचा विषय दुसऱ्या धाग्यांवर वारंवार निघतो आणि प्रत्येक वेळी अर्धवट सुटतो, म्हणून हा वेगळा धागा.

१२ ऑक्टोबर २०२४, न्यूमार्केट. सव्वादोन मैलांची हँडिकॅप शर्यत, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरीत आणलेली. अल्फोन्स ल ग्रांड अगदी थोडक्यात पहिला आला, मॅन्क्समन दुसरा. जॉकींचं वजन झालं, निकाल लागला, लोक घरी गेले. मंगळवारी ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीच्या चाबूक पुनरावलोकन समितीने चित्रफीत तपासली आणि जॉकी जेमी पॉवेलने चाबूक १० वेळा वापरल्याचं ठरवलं. सपाट शर्यतीत, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या नसलेल्या शर्यतीत, मुभा ६ फटक्यांची आहे. चार किंवा जास्त फटके वर गेले की घोडा बाद. म्हणजे ९ पर्यंत जॉकीला शिक्षा होते, पण शर्यत हातात राहते, आणि १० ला शर्यतच जाते. पॉवेलला २८ दिवसांची बंदी झाली आणि मॅन्क्समन विजेता ठरला. पुढे अपिलात हा दहाचा आकडा टिकला नाही आणि अल्फोन्स ल ग्रांडला शर्यत परत मिळाली.

एकाच शर्यतीचा विजेता दोनदा बदलला, तोही घोड्याच्या पळण्यात कसलाही दोष नसताना. माझ्या मते नियम चुकीचा नाही. पण ज्या नियमात एका फटक्यावर सगळं अवलंबून आहे, तिथे ‘फटका’ कशाला म्हणायचं हे आधी सगळ्यांना कळलं पाहिजे. चर्चा तिथून सुरू करू या.

मंजिरी_के

लगामजी, चांगला विषय. नवीन वाचकांसाठी ब्रिटनचे सध्याचे नियम एकदा सलग मांडाल का? ‘सहा फटके’ एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं, पण मोजणीत काय धरतात आणि काय नाही हे कुठे नीट लिहिलेलं नसतं.

लगाम

मंजिरीताई, मांडतो. हे नियम उड्यांच्या शर्यतींना फेब्रुवारी २०२३ पासून आणि सपाट शर्यतींना मार्च २०२३ च्या अखेरीपासून लागू आहेत.

आधी चाबूक. जॉकीने घरून कसलाही आणलेला चालत नाही. सपाट शर्यतीत लांबी जास्तीत जास्त ७० सेंटीमीटर, उड्यांच्या शर्यतीत ६८. जो भाग घोड्याला लागतो त्याच्याभोवती धक्का शोषणारं मऊ आवरण लागतं, आणि त्यावर गाठ, शिवण किंवा टोक असं काहीही वर आलेलं चालत नाही.

मग संख्या. सपाट शर्यतीत ६, उड्यांच्या शर्यतीत ७. आधी हे आकडे ७ आणि ८ होते. जुलै २०२२ च्या शिफारशींमध्ये चाबूक फक्त बॅकहँडने, म्हणजे टोक खाली ठेवून, वापरायचा असं होतं. जॉकींनी सांगितलं की मनगट आणि खांद्याच्या जुन्या दुखापती असलेल्यांना हे जमणार नाही. तेव्हा फोरहँडची, म्हणजे टोक वर धरून मारण्याची, मुभा कायम ठेवली आणि बदल्यात दोन्ही आकड्यांतून एकेक फटका काढून घेतला. ही देवाणघेवाण लक्षात ठेवा, कारण ‘सहाच का?’ याचं उत्तर त्यात आहे.

संख्येइतकीच महत्त्वाची बाकीची कलमं आहेत. हात खांद्याच्या रेषेच्या वर जाता कामा नये. फटका पुठ्ठ्यावर बसला पाहिजे, बरगड्यांच्या मागच्या मऊ भागावर नाही. दोन फटक्यांमध्ये घोड्याला प्रतिसाद द्यायला वेळ मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी तीन झेपांचं अंतर धरतात. घोडा स्पष्टपणे जिंकत असेल, शर्यतीतून बाहेर गेला असेल किंवा शेवटचा खांब ओलांडून झाला असेल तर एकही फटका चालत नाही. मोठ्या शर्यतींत शिक्षा दुप्पट.

मोजणीतून काय वगळतात? घोडा बाजूला ओढत असेल, कठड्याकडे जात असेल, तर त्याला सरळ करण्यासाठी, म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेला वापर. दोन्ही हात लगामावर ठेवून खांद्यावर दिलेली चापट. आणि चाबूक न लावता नुसता डोळ्याच्या कडेला दाखवणं, ज्याला आपल्याकडेही ‘चाबूक दाखवला’ असंच म्हणतात.

बाद करण्याची रेषा सपाट शर्यतीत १० आणि उड्यांच्या शर्यतीत ११.

निलेश_सातारा

तीन झेपांचं अंतर ठेवलं तर फटके आपोआपच कमी होतील ना? मग वेगळी संख्या कशाला?

लगाम

निलेशराव, गणित करून बघा. पूर्ण वेगात घोड्याची एक झेप साधारण ७ मीटरची असते आणि सेकंदाला सव्वादोन-अडीच झेपा पडतात. तीन झेपा म्हणजे २१ मीटर, सव्वा सेकंद. सहा फटक्यांमध्ये पाच अंतरं, म्हणजे १०५ मीटर. दहा फटक्यांमध्ये नऊ अंतरं, म्हणजे १८९ मीटर. फर्लांग २०१ मीटरचा.

म्हणजे प्रत्येक अंतर नियमाप्रमाणे राखूनही शेवटच्या एका फर्लांगात दहा फटके आरामात बसतात. अंतराचा नियम घोड्याला सलग माराखाली येऊ देत नाही, पण एकूण मार किती हे तो ठरवत नाही. म्हणून संख्या लागते.

आणि जॉकीच्या बाजूने बघितलं तर याच गणितात अडचण आहे. दोन फर्लांगांच्या खांबापाशी पहिला फटका दिला आणि त्याच लयीत राहिला, तर अर्धा फर्लांग संपताना सहा वापरून झालेले असतात, आणि पुढे अजून ३०० मीटर आहेत. म्हणून जाणते जॉकी आधी नुसत्या हातांनी आणि टाचांनी घोडा पळवतात, चाबूक दाखवतात, खांद्यावर चापट देतात, आणि मोजणीचे फटके शेवटच्या फर्लांगासाठी राखून ठेवतात.

मोजणी सुटते ती बहुतेक चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेताना. घोडा उजवीकडे ओढतो, जॉकी चाबूक उजव्या हातात घेतो, दोन झेपा लगाम सावरण्यात जातात आणि डोक्यातला आकडा पुसला जातो. नव्या हातात पुन्हा ‘एक’पासून सुरुवात होते. दोन्ही बाजूंनी फटके पडलेल्या शर्यतीत चित्रफितीचा तेवढा तुकडा आधी बघावा.

फोटोफिनिश

सेझारविचच्या आधी एक मोठी शर्यत याच रेषेच्या अगदी काठावर होती. जुलै २०२३, अ‍ॅस्कॉट, किंग जॉर्ज. हुकुम या घोड्याने वेस्टओव्हरला एका डोक्याच्या अंतराने हरवलं. जॉकी जिम क्राउली, ९ फटके. २० दिवसांची बंदी आणि १०,००० पौंड दंड. शर्यत हुकुमकडेच राहिली. अजून एक बसला असता तर किंग जॉर्ज गेली असती.

दोन घोडे शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून आले की हे होणारच. पळून पुढे गेलेल्या घोड्यावर कोणी जास्त चाबूक वापरत नाही. जिथे शर्यत चुरशीची तिथेच मोजणी सुटते, आणि चुरशीच्याच शर्यतीत एका फटक्याने निकाल बदलला का हा प्रश्न खरा ठरतो.

आबा_देशमुख

माझा आक्षेप सरळ आहे. चूक जॉकीची. मालकाने चाबूक हातात धरला नाही, ट्रेनरनेही नाही, ज्याने घोड्याची वर्षभर मालिश केली त्या मोतद्दारानेही नाही. जॉकीला दोन महिने घरी बसवा, त्याचा सगळा वाटा काढून घ्या. घोड्याची शर्यत का काढून घ्यायची?

मंजिरी_के

आबा, जॉकीलाच शिक्षा करून बघितली आहे ब्रिटनने. १० ऑक्टोबर २०११ ला नवे नियम आले: सपाट शर्यतीत ७, आणि त्यातले शेवटच्या फर्लांगात फक्त ५. पाचच दिवसांनी अ‍ॅस्कॉटला चॅम्पियन स्टेक्स. क्रिस्तोफ सुमियोंने सिरस दे झेग्लवर जिंकली, पण शेवटच्या फर्लांगात एक फटका जास्त. घोड्याला शर्यत मिळाली, मालकाला पैसे मिळाले, आणि जॉकीचा ५०,००० पौंडांहून मोठा वाटा गेला, वर पाच दिवस बंदी. एवढा गदारोळ झाला की आठवड्याच्या आत शेवटच्या फर्लांगाचं कलम मागे घ्यावं लागलं.

शिक्षा एकट्या जॉकीवर ठेवली की असं होतं. एक फटका जास्त झाला तर ती अमानुष वाटते, आणि मुद्दाम पाच जास्त मारले तर अपुरी. कारण मोठ्या शर्यतीत मालक, ट्रेनर आणि जॉकी तिघांचंही हित ‘आधी जिंक, बंदीचं नंतर बघू’ यातच असतं. काही दिवस बाहेर बसणं हा मोठी शर्यत जिंकण्याचा खर्च होऊन जातो. घोडा बाद होण्याची भीती आली की मालक आणि ट्रेनर पॅडॉकमध्येच जॉकीला सांगतात की मोजून मार. नियमाचा उद्देश तोच आहे. चार जास्त ही मर्यादा मुद्दाम सैल आहे, म्हणजे हिशेब चुकून एकदोन जास्त झालेल्या जॉकीमुळे मालकाचं नुकसान होत नाही.

आबा_देशमुख

उद्देश पटला, मंजिरी. पण मग दहावा फटका निर्विवाद असायला हवा. नऊ आणि दहामधला फरक समितीला एक दिसतो आणि अपिलात दुसरा, तर मालकाने कशावर विश्वास ठेवायचा?

निलेश_सातारा

आणि ज्यांनी पैसे लावले त्यांचं काय? सेझारविचमध्ये मॅन्क्समनवर लावलेल्यांना नंतर पैसे मिळाले का?

लगाम

नाही. ब्रिटनमध्ये पैजांचा हिशेब त्या दिवशी वजन झाल्यावर जाहीर झालेल्या निकालावर चुकता होतो. नंतरच्या दिवसांत घोडा बाद झाला तर बक्षिसाची रक्कम फिरते, नोंदवहीतलं नाव फिरतं, पैजा फिरत नाहीत. हा निर्णय शर्यतीच्या दिवशी स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरचे पंच, घेतही नाहीत. ते प्रकरण पुढे पाठवतात आणि समिती आठवड्यातून एकदा बसून सगळी प्रकरणं एकत्र तपासते.

दुसऱ्या घोड्याला अडथळा केला, तर चौकशी तिथेच होते आणि क्रम तिथेच बदलतो, पैजाही त्याप्रमाणे. २०१९ च्या केंटकी डर्बीत मॅक्झिमम सिक्युरिटी पहिला आला. बावीसेक मिनिटं चौकशी चालली आणि त्याला सतराव्या क्रमांकावर टाकून ६५ ला १ भावाच्या कंट्री हाउसला विजेता केलं. तिथे पैजांचे पैसे नव्या निकालाप्रमाणे वाटले गेले. त्यामुळे ‘घोडा बाद झाला’ असं ऐकलं की आधी विचारा, कशासाठी आणि कधी.

फोटोफिनिश

अमेरिकेचं चाबकाचं कलम वेगळ्या बांधणीचं आहे. १ जुलै २०२२ पासून बहुतेक राज्यांत एकच प्राधिकरण आहे, संक्षेपात हिसा. मुभा ६ फटक्यांची. लागोपाठ दोनपेक्षा जास्त नाही, मग किमान दोन झेपा थांबायचं. मनगट शिरस्त्राणाच्या वर नाही.

उल्लंघनाच्या तीन पायऱ्या आहेत. १ ते ३ जास्त: २५० डॉलर किंवा जॉकीच्या वाट्याचे १० टक्के, यातलं जे जास्त ते, आणि एक दिवस बंदी. ४ ते ९ जास्त: ५०० डॉलर किंवा २० टक्के, तीन दिवस, आणि घोड्याचं बक्षीस जातं. १० किंवा जास्त: ७५० डॉलर किंवा ३० टक्के, पाच दिवस, बक्षीस जातं. शिवाय प्रत्येक वेळी गुण नोंदवले जातात आणि साचले की बंदी वाढते.

म्हणजे चार जास्त हीच रेषा तिथेही आहे. मे २०२५ ला सॉव्हरेन्टीने केंटकी डर्बी जिंकली. ज्युनियर अल्वाराडोने ८ वेळा चाबूक वापरला, दोन जास्त. १८० दिवसांतला दुसरा गुन्हा म्हणून शिक्षा दुप्पट झाली. त्याचा वाटा ३,१०,००० डॉलर, त्याच्या २० टक्के म्हणजे ६२,००० डॉलर दंड आणि दोन दिवस बंदी स्टुअर्डांनी ठोठावली. डर्बी सॉव्हरेन्टीकडेच राहिली, कारण पायरी पहिली होती.

टक्केवारीत दंड मोजण्याची पद्धत मला ब्रिटनपेक्षा सरस वाटते. छोट्या शर्यतीतल्या जॉकीला २५० डॉलर जड जातात, आणि डर्बी जिंकणाऱ्यालाही टोचेल इतकाच दंड होतो.

मंजिरी_के

बाकी देश थोडक्यात. फ्रान्समध्ये २०१९ ला ५ आणि २०२३ पासून ४ फटके. स्वीडनमध्ये २०२२ पासून वेगासाठी चाबूक वापरायचाच नाही. नॉर्वेत हे १९८२ पासून. ऑस्ट्रेलियाचा नियम या सगळ्यांच्या उलट आहे: शेवटच्या १०० मीटरच्या आधी पाचपेक्षा जास्त नाही आणि लागोपाठच्या झेपांत नाही, पण शेवटच्या १०० मीटरमध्ये जॉकीच्या मर्जीवर. ज्या टप्प्यात घोडा सगळ्यात थकलेला असतो तिथेच मोकळीक, हे मला कधी पटलेलं नाही.

पशुवैद्य_नगर

मंजिरीताईंच्या शेवटच्या वाक्याबद्दल थोडं शरीरशास्त्र. शेवटच्या २०० मीटरमध्ये घोडा वेग वाढवत नसतो, तो फक्त इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. आपल्याला तो पुढे झेपावताना दिसतो, कारण शेजारचे त्याच्याहून जास्त मंदावलेले असतात. सिडनी विद्यापीठाच्या पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की घोडे सगळ्यात जोरात पळाले ते खांबाच्या ६०० ते ४०० मीटर अलीकडे, जिथे चाबूक वापरलाच नव्हता. चाबूक आला तो नंतर, वेग आधीच उतरू लागल्यावर.

२०२० मध्ये ब्रिटनमधल्याच १२६ शर्यती तपासल्या गेल्या. काही नेहमीच्या, काही शिकाऊ जॉकींच्या ‘हँड्स अँड हील्स’ शर्यती, ज्यात चाबूक जवळ असतो पण वेगासाठी वापरायचा नसतो. घोडा सरळ ठेवणं, अडथळे, वेळ, कशातही ठळक फरक सापडला नाही.

त्वचेबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे की घोड्याचं कातडं जाड, त्याला काही कळत नाही. वरच्या थरातल्या वेदनेच्या नसा माणसाइतक्याच दाट असतात. माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते, इतका हलका स्पर्शही त्याला कळतो. मऊ आवरणामुळे जखम आणि वळ बहुतेक टळतात, जाणीव टळत नाही.

आबा_देशमुख

डॉक्टर, मग वेगासाठी उपयोगच नसेल तर सहा तरी कशाला?

पशुवैद्य_नगर

आबा, माझं मत शून्याचं आहे. चाबूक जवळ असावा, घोडा बाजूला गेला तर सरळ करायला, आणि तेवढ्यालाच. पण मी हे सोपं आहे असं म्हणत नाही. ज्या घोड्याला दोन वर्षांचा असल्यापासून चाबकाच्या इशाऱ्यावर पळायला शिकवलंय, त्याचा इशारा एका दिवसात काढला तर तो गोंधळतो आणि भरकटतो. बदल करायचा तर तो लहान घोड्यांच्या शर्यतींपासून वर न्यावा लागेल.

निलेश_सातारा

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींत शून्यच आहे ना? कागदावर तरी.

पशुवैद्य_नगर

हो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला बंदी घातली, राज्याने २०१७ ला कायदा बदलून नियम केले, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्या नियमांत चाबूक, काठी, टोचणी, विजेची बॅटरी सगळं मना आहे. फटके मोजायचा प्रश्न येत नाही, दिसला की उल्लंघन. पण घाटावर शेपूट पिरगळणं किंवा चावणं चित्रफितीत स्पष्ट दिसत नाही, आणि बघायला नेमका कोण बसलाय यावर सगळं ठरतं. नियम शून्याचा असला तरी बघणारा लागतोच.

लगाम

डॉक्टरांनी नेमकं बोट ठेवलं. आबांचा प्रश्न बाकी आहे, नऊ की दहा हे ठरवायचं कसं. चित्रफीत बघताना हा क्रम ठेवा, बरेच वाद मिटतील.

समोरून घेतलेली चित्रफीत आधी बघा. तिच्यात कोपर आणि खांदा दिसतो, म्हणजे हात किती वर गेला आणि चाबूक कोणत्या हातात आहे. पण फटका लागला की नाही हे समोरून कळत नाही. हात खाली आला की मेंदू आपोआप ‘लागला’ असं नोंदवतो. बहुतेक जास्तीची मोजणी इथे होते.

मग बाजूची चित्रफीत, पाव वेगाने. प्रत्येक वेळी चाबकाचं टोक पुठ्ठ्याला टेकलं का ते बघा. टोक हवेतून गेलं, खोगिराच्या कापडावर आपटलं किंवा शेजारच्या घोड्यामुळे झाकलं गेलं, तर त्या हालचालीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा, आकडा लिहू नका.

मग प्रत्येक हालचालीच्या वेळी दुसरा हात बघा. दोन्ही हात लगामावर आणि चाबूक खांद्यावर असेल तर मोजणीत नाही. एक हात सुटून मागे गेला तर मोजणीत.

शेवटी घोड्याची रेषा. त्या क्षणी तो कठड्याकडे किंवा शेजाऱ्याकडे झुकत होता का? झुकत असेल आणि फटका झुकण्याच्या बाजूने आला असेल, तर सुरक्षिततेचा दावा उभा राहतो. विरुद्ध बाजूने आला तर राहत नाही, कारण त्याने घोडा आणखी झुकतो.

एवढं करून दोन आकडे काढा: निर्विवाद किती, आणि प्रश्नचिन्हासह किती. निर्विवाद दहा असतील तर बाद करण्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. निर्विवाद नऊ आणि प्रश्नचिन्हाचा एक असेल, तर शंकेचा फायदा घोड्याला मिळाला पाहिजे आणि जॉकीला नवाची पूर्ण शिक्षा. जेवढी शिक्षा मोठी, तेवढा पुरावा पक्का हवा.

आबा_देशमुख

हे पटलं. दोन आकड्यांची पद्धत समितीने निकालपत्रातच छापावी, प्रत्येक फटक्याच्या वेळेसकट. म्हणजे मालकाला अपील करायचं की नाही हे वाचूनच कळेल.

फोटोफिनिश

वेळेसोबत खांबापासूनचं अंतरही हवं. ‘१८० मीटर, डावा हात, बॅकहँड, पुठ्ठा’ अशी एक ओळ एका फटक्याला. दहा ओळींचं काम आहे.

मंजिरी_के

किंग जॉर्ज २०२३ आणि सेझारविच २०२४, दोन्हींच्या चित्रफितींवर लगामजींच्या क्रमाने मोजून बघू या. ज्यांना जमेल त्यांनी आपापले दोन आकडे इथे टाका. दुसऱ्याचे आकडे वाचण्याआधी स्वतःचे लिहून ठेवा.